डोळ्यातली बांगडी

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल दर रविवारी सकाळी दहालाच भरून जायचा. खुर्च्या संपल्या की लोक जिन्यात बसत. समोर मोठा पडदा आणि पडद्यावर एकेकाचे डोळे. चेहरा नाही, नुसते डोळे, थाळीएवढे मोठे केलेले. बुबुळात पांढरंशुभ्र गोल वलय दिसलं की हॉलभर हुंदका फुटायचा, "आले, आले!"

आले म्हणजे गेलेलं माणूस आलं.

"मावशी, ओळखलंत ना?" तिथले बुवा, दृष्टीकाका, माइकवरून विचारायचे. "तुम्ही आठवण काढलीत, ते समोर येऊन उभे राहिले, त्यांचं तेज तुमच्या डोळ्यांत उतरलं. आत्म्याची फ्रिक्वेन्सी गोल असते. चौकोनी आत्मा पाहिलाय का कुणी?"

चौकोनी कुणीच पाहिला नव्हता. गोल तरी कुणी पाहिला होता, हे विचारायचं मात्र राहून जायचं.

विधी सोपा होता. आतल्या अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसायचं. समोर काळ्या काचेचं कपाट. डोळे मिटून आपल्या माणसाला आठवायचं आणि घंटा वाजली की उघडायचे. लख्ख उजेड व्हायचा, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि दहा मिनिटांत फोटो पडद्यावर.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. आई जेवणाच्या ताटासमोर बसायची आणि तशीच उठायची. शेवटी मीच तिला तिथे घेऊन गेले. पडद्यावर तिचे डोळे आले, त्यांत वलय. आई खुर्चीतून उठली आणि पडद्याला म्हणाली, "जेवलात का?"

त्या रात्री ती पोटभर जेवली.

आणि मला? मला पडद्याकडे बघताक्षणी सगळं कळलं होतं. बाबांचा चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. मी पहिलीत असल्यापासून त्यांच्यासाठी पांढरा पुठ्ठा धरून उभी राहायचे. ते म्हणायचे, "कुणाचाही फोटो हातात आला की आधी डोळ्यांत बघ. खिडकी असली तर खिडकी दिसेल, छत्री असली तर छत्री. डोळा चहाडखोर असतो, दिवा कुठे होता ते सांगतो." अखेरच्या वर्षांत एका कपड्यांच्या दुकानाने नव्या फॅशनच्या फोटोंसाठी त्यांना रिंगलाइट, म्हणजे भिंगाभोवतीचा गोल दिवा, वापरायला लावला. बाबा त्याला बांगडी म्हणायचे. "बांगडी लावली की चेहऱ्यावरची सावली जाते," ते नाक मुरडून म्हणायचे, "आणि सावलीबरोबर माणूसही जातो." काम झालं त्याच दिवशी त्यांनी ती परत धाडली.

आईच्या डोळ्यांत ती बांगडीच होती. तिच्या मधोमध काळा ठिपका, म्हणजे भिंग. मी ग्रंथालयात काम करते, अशा बुवाबाजीवरची पुस्तकं मीच लोकांना काढून देते. तरी मी गप्प बसले. आई जेवत होती ना. खरं सांगायचं तर, दुसऱ्या रविवारी मीही त्या स्टुलावर बसले, आणि माझा फोटो अजून माझ्या पर्समध्ये आहे.

तिसऱ्या रविवारी काका म्हणाले, "डोळ्यांना हत्यार लावू नका, थेंब घालू नका. तेज धुऊन जाईल."

आईला दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. ऑपरेशनची तारीख ठरली होती. आई म्हणाली, "पुढे ढकल." दवाखान्यात फोन मी केला. "घरात दुःख आहे," असं सांगितलं. नवी तारीख मिळाली, तीही मीच ढकलली. थेंबांची बाटली कपाटात तशीच राहिली.

आमच्या इमारतीखाली शिंपीकाकांचं दुकान आहे. बाबांचे जुने मित्र, बायको मागेच गेलेली. लहानपणी कात्री लागून त्यांचा डावा डोळा गेला, तिथे काचेचा आहे. एकदा आई त्यांच्याकडे उसवलेली पिशवी घेऊन गेली आणि डाव्या बाजूच्या इस्त्रीच्या टेबलावर धडकली. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"वहिनींना टेबल दिसलं नाही. ऑपरेशनचं काय झालं?"

मी सांगितलं. वलय म्हणजे काय, तेही सांगितलं.

एका डोळ्याने ते माझ्याकडे बघत राहिले. "शिकलेली ना गं तू?" एवढंच म्हणाले.

पुढच्याच रविवारी ते हॉलमध्ये हजर होते. पडद्यावर त्यांचे डोळे आले, दोन्हींत वलय.

"बघा!" दृष्टीकाका गहिवरले. "दोन्ही डोळ्यांत! पत्नीचं केवढं हे प्रेम!"

"डावा काचेचा आहे, काका."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दृष्टीकाका क्षणभरच अडखळले. "प्रेमाला काच आडवी येत नाही!" टाळ्या पडल्या.

"नसेल येत. आता फोटो जरा लहान करा. गालाशी मी बोट धरलं होतं, ते दिसू दे."

"तशी पद्धत नाही."

पण लॅपटॉपपाशी बसलेल्या बाईंनी तोवर बटण दाबलं होतं. पडद्यावर शिंपीकाकांचं बोट आलं. बोटात सुई टोचू नये म्हणून घालायची पोलादी टोपी, अंगुस्तान, आणि अंगुस्तानावर लख्ख, गोल, तसंच वलय.

"माझी बायको मला भेटायला आली, मान्य," शिंपीकाका म्हणाले. "अंगुस्तानाला भेटायला कोण आलं? सुई?"

हॉल हसला. आता कुणीतरी पुढचं सांगायला हवं होतं. शिंपीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले.

"कपाटात गोल दिवा आहे," मी म्हणाले. "मधल्या भोकातून कॅमेरा बघतो. डोळा ओला आणि फुगीर असतो, म्हणून समोरचा दिवा त्यात उमटतो. चमच्यात उमटतो, बटणात उमटतो, तसाच."

आतल्या खोलीत जाऊन मी मोबाइलचा टॉर्च काळ्या काचेला टेकवला. दारातून लोक डोकावले. काचेमागे बांगडी दिसली, तिच्या मधोमध भिंग. दृष्टीकाका "उपकरण केवळ निमित्त" असं काहीतरी पुटपुटत मागच्या जिन्याने उतरून गेले. एक बाई मात्र माझ्यावरच ओरडली, "कशाला सांगितलंत? माझा मुलगा येत होता!" मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

आईचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "उरलंय ते वाचेल. डाव्या बाजूचं गेलंय ते परत येणार नाही. बाई, तुम्ही वेळेवर आला असतात तर..."

घरी आल्यावर आईने विचारलं, "तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"हो."

 ती म्हणाली, "आणि मला कळलं नव्हतं का गं? मी त्यांची बायको. त्यांना यायचंच असतं, तर ते बांगडी लावून आले असते का?"

ती हसली. मला हसता आलं नाही. आता मी जेवताना तिच्या उजव्या हाताला बसते, म्हणजे मी तिला दिसते.

तुमच्या घरात कुणी असा चमत्काराचा फोटो आणला, तर एक स्टीलचा चमचा घेऊन खिडकीशी उभे राहा. चमच्यात खिडकी दिसेल. खिडकीला कुणी आत्मा म्हणत नाही. एवढं पोरालाही पटतं. अवघड ते पुढेच आहे. जे कळलं, ते त्याच दिवशी आपल्या माणसाला सांगा. ते रडेल, रागावेल, एक वेळ जेवणार नाही. तरी सांगा.