कोंडाईबारीचा ठिपका

दिपमालाचा नवरा ललित दिवसभर नकाशावर निळा ठिपका होऊन फिरायचा आणि ती पगार घेऊन त्याच्यावर नजर ठेवायची. असं भाग्य कुठल्या बाईच्या वाट्याला येतं सांगा! जळगावच्या एमआयडीसीतली तिची कंपनी केळीसाठी प्लास्टिकची कॅरेट भाड्याने द्यायची. भरलेली कॅरेट सुरतेला जायची, रिकामी होऊन परत यायची, धुतली जायची आणि पुन्हा निघायची. पण वाटेत ती गडप व्हायची. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या न्हाणीत बसायला. शेवटी मालकांनी वैतागून प्रत्येक गाडीतल्या एका कॅरेटच्या तळाशी एक सीलबंद डबी बसवली. डबी आपला ठावठिकाणा बिनतारी कळवत राहते. गाडी कुठे वळली, कुठे टेकली, सगळं दिपमालाच्या पडद्यावर हजर. त्यातलीच एक गाडी ललित चालवायचा.

शनिवारी घरी यावरून वाजलंच होतं.

"सोमवारी कानबाई उठते," ललित म्हणाला. "सुरतेहून येताना नवापूरला आत वळतो, पिंपळनेरला जरा टेकतो. भाऊबंदांचा रोट आहे. आबा वाट बघतील."

अभिमन आबा म्हणजे त्याचे मोठे काका. कानबाई देवी उठण्याच्या, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी रोटाच्या प्रसादाला एक जरी पुतण्या कमी दिसला तरी वर्षभर टोमणे मारणारे.

"वळा खुशाल," दिपमाला म्हणाली. "पण ठिपका वळला की मालकांना मलाच कळवावं लागतं. नवऱ्याला पाठीशी घालते असं ऐकून घ्यायचं नाही मला."

"बरं बाई, नाही जात," तो म्हणाला. इतक्या मुकाट्याने ऐकणारा माणूस नव्हता तो. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण जिंकल्याच्या आनंदात असलेल्या माणसाला शंका कुठून येणार?

सोमवारी ठिपका नवापूरहून सरळ महामार्गाने धुळ्याकडे निघाला. शहाण्यासारखा. दिपमाला मनात म्हणाली, ऐकतो म्हणजे माझं. मग ती बाकीच्या गाड्यांच्या मागे लागली. परत बघितलं तर ठिपका कोंडाईबारी घाटात उभा. चहाला थांबला असेल. पुन्हा बघितलं, तिथेच. घाटातल्या त्या वळणावर कसला आलाय चहा? तिने फोन लावला. बंद. ललितचा फोन बंद म्हणजे नवलच. तो जेवतानाही फोन ताटाशेजारी ठेवायचा.

तेवढ्यात केळीच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर मेसेज पडला. कोंडाईबारीत ट्रक दरीत गेला, ड्रायव्हर आत अडकलाय. सोबत वरून काढलेला फोटो. झाडीत उलटी पडलेली गाडी, चाकं आभाळाकडे, नंबर दिसत नाही. दिपमालाने फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि शेवटी नुसते ठोकळे दिसायला लागले.

"काय व्हयनं वं ताई? तोंड काबर उतरनं?"

मेघा दारात होती. खाली कॅरेट धुणारी, गुडघ्यापर्यंत गमबूट, पदर खोचलेला, पाणी प्यायला वर आलेली. हिचा नवरा योगराज दुसऱ्या मालकाचा कांद्याचा ट्रक चालवायचा, त्याच सुरतेच्या रस्त्यावर. दोघींचे नवरे रस्त्यावर, त्यामुळे दोघींचं मेतकूट जमलेलं.

दिपमालाने नुसता पडदा दाखवला, मग फोटो. मेघाने तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, स्वतःचा पाण्याचा ग्लास तिच्या तोंडाला लावला.

"ललितभाऊ हुशार शे. काही व्हनार नही त्याले."

"योगराजभाऊ कुठे आहेत गं? त्यांना सांग, घाटात जाऊन बघा म्हणावं. एवढं करतील ना ते?"

"तो तं नवापूरले थांबेल शे. रातभर गाडी हाकेल शे, म्हने दिवसभर झोपसू." मेघाने फोन लावला, कानाला धरून उभी राहिली. "फोन वाजस, पन उचलत नही. झोपेल व्हई. थांब, परत लावस."

ती लावत राहिली. इकडे दिपमाला पोलीस चौकीला विचारत होती आणि तिकडून एकच उत्तर येत होतं, बाई, क्रेन यायची आहे, नंबर कळला की सांगतो. आणि मग ती जे बोलली ते कुणीही बोललं असतं, उगाच तिला नावं ठेवू नका. ती हात जोडून म्हणाली, "कानबाई माय, दुसऱ्या कुणाचीही गाडी असू दे. माझ्या माणसाची नको."

"दुसरानीच गाडी व्हई ती," मेघा तिची पाठ चोळत म्हणाली. "नको रडू."

तेव्हा आबांच्या नंबरवरून फोन आला. दिपमालाने उचलला तर आधी ढोल ऐकू आला, बायकांची गाणी ऐकू आली, आणि त्यातून ललित ओरडत होता, "अगं, मी आहे! मी बरा आहे!"

ती नुसती रडत सुटली.

"रागवू नकोस. पिंपळनेरला आलोय. ढोल तुला ऐकू गेला असता म्हणून फोन बंद ठेवला होता. आत्ता इथे कुणीतरी घाटाचा फोटो दाखवला, म्हटलं तू मेली असशील काळजीने."

"अहो, पण ठिपका... ठिपका तर घाटात आहे!"

तिकडे ढोल वाजत राहिला.

"डबीचं कॅरेट मी योगराजच्या ट्रकमध्ये टाकलं," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्ही ड्रायव्हर करतो असं एकमेकांसाठी. तो नवापूरला झोपणार होता. मीच म्हटलं, ठिपका इथे अडकला तर दिपमालाला उत्तर द्यावं लागेल, तेवढं धुळ्यापर्यंत ने, मग झोप. तो म्हणाला, वहिनीसाठी एवढं करतो."

दिपमालाने फोन खाली ठेवला. तिचा माणूस जिवंत होता. त्याचा आनंद अजून छातीत उड्या मारत होता, तो काही केल्या थांबेना, आणि त्या आनंदाची तिला शिसारी आली.

मेघाला ढोल ऐकू आला होता, ललितचा आवाज ऐकू आला होता, पुढचं काही नाही. तिने दिपमालाचा चेहरा दोन्ही ओल्या हातांत धरला.

"मी म्हनं नव्हतं का! वाचना ना तुना मालक! कानबाईनी ऐकं वं माय!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मग पडद्याकडे वळून तिने सहज विचारलं, "मंग ते कॅरेट कोना ट्रकमा व्हतं वं?"

दिपमाला उठली. तिने मेघाला आपल्या खुर्चीत बसवलं, तिचे हात घट्ट धरले.

"मेघा," ती म्हणाली, "योगराजभाऊ नवापूरला थांबले नाहीत."