उलटा हात

"गार हाय," केसरबाईंच्या घरी मीटरखालच्या लाकडी बोर्डावर उलटा हात ठेवून वायरमन इसाक म्हणाला आणि त्याने पिशवी काखोटीला मारली.

"थांबा की. जळका वास येतोय." केसरबाईंनीही हात लावला. "अगं बया! चटका बसतोय, इसाकभाऊ. गार कशाचं?"

इसाकचा चेहरा खाडकन उतरला. मेन बंद करून त्याने बोर्ड उघडला. आत केसरबाईंच्या लेकाचा, पंडितचा प्रताप! त्याने दिवाळीत आईसाठी फ्रीज आणला होता. फ्रीजची तांब्याची तार जुन्या ॲल्युमिनियमच्या, गावच्या बोलीत जर्मनच्या, तारेला नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी वितळून काळी पडली होती.

"शिकलेला गडी आन ही अक्कल! वैनी, तांबं आन जर्मन एकमेकाला भिडू द्यायचं न्हाई. जोड तापतो, मग घर पेटतं. मधी पितळ पाहिजे."

गावात वीज आली ती बहात्तरच्या दुष्काळात. विहिरींचे तळ उघडे पडलेले, बाया खडी फोडायला जायच्या, आणि तेव्हाच तारा आल्या. पाण्याच्या आधी उजेड! तांबं मिळत नव्हतं. सोसायटीचे चेअरमन मोहनराव, म्हणजे केसरबाईंचे मालक. त्यांनी ॲल्युमिनियमची भेंडोळी आणली आणि पाटोद्याच्या या तरण्या वायरमनला म्हणाले, "समदं गाव तुझ्यावर." इसाकने ते मनावर घेतलं. ॲल्युमिनियम पेचाखाली दबून सैल पडतं, म्हणून दर पाडव्यानंतर तो घरोघर जाऊन पेच आवळायचा, बोर्ड तापतो का बघायचा. चाळीस वर्षांत एक साल चुकलं नाही. काय दिवस होते! दुष्काळात मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढणाऱ्या घरांनीही त्याला कधी उपाशी जाऊ दिलं नाही. केसरबाई तेव्हा नवी सून, बोर्डाजवळ यायला भ्यायच्या. "वैनी, उलटा हात लावा, लवकर कळतं," हे त्यानेच शिकवलं होतं.

आता त्याने जळकं कापलं, टोकं घासली, ॲल्युमिनियमला गंजू नये म्हणून पेस्ट लावली. चिनी मातीच्या कनेक्टरमधल्या पितळी नळीत दोन बाजूंनी दोन तारा घातल्या, टोकं एकमेकांना लागू न देता. एकेका तारेवर एकेक पेच आवळला. पण पेचकस तीनदा हातातून पडला.

"इसाकभाऊ, हाताला काय झालंय?"

"काहून इचारता, वैनी..." तो उंबऱ्यावर बसला. "साखरेचा आजार हाय. साल झालं, हातांना काईच कळत न्हाई. बायकोला, चाँदबीलाबी सांगितलं न्हाई." मग आवाज खाली गेला. "सकाळधरनं पाच घरं केली. समद्यांना गार हाय म्हणलो."

केसरबाईंनी बोटांवर मोजायला घेतलं. घरं पाच, पण माणसं किती!

"आता कोणत्या तोंडानं जाऊ? चाळीस सालाची इज्जत हाय," इसाक म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"घर जळल्यावर कोणतं तोंड दाखवाल?" केसरबाई फटकन बोलल्या, आणि बोलल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चला. हात माजा, इलम तुमचा."

पहिलं घर धोंडीरामचं. तो दारात टँकरची वाट बघत बसला होता.

"आरं, सकाळीच येऊन गेलतास की! काय राहिलं?"

"माजा हात गेलाय, धोंडीराम," इसाक म्हणाला. "सकाळचं बोलणं धरू नको."

धोंडीराम उठला. त्याने आत जायला वाट दिली. केसरबाईंनी पदर खोचला आणि बोर्डावर उलटा हात ठेवला. इसाक त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.