दादाची राहिलेली ओळ

मी एक जुना बायोडेटा आहे, मित्रांनो. लग्नाचा नव्हे, नोकरीचा. माझ्या मधोमध एका ओळीवर शाईची जाड रेघ मारलेली आहे. ती का मारली, ते सांगतो.

एका इंजिनिअर मुलीने मला लिहिले. खरे तर निम्मेच लिहिले. चुलतभावाचा बायोडेटा संगणकावर उघडून तिने नाव, शिक्षण, पत्ता बदलला.

"दादा, तुझा साचा ढापते हं."

"ढाप. फक्त माझं वजन लिहू नकोस," तो म्हणाला.

या थट्टेत त्याची एक ओळ माझ्यात तशीच राहिली: 'बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी केली.' तिने तर बॉयलर जवळून पाहिलाही नव्हता. तिने स्वतः केलेले पंपाचे काम मात्र पार तळाशी दबले होते.

मला पाहून एका कारखान्याने तिला बोलावले. बाहेरच्या बाकावर मला चाळताना तिची नजर त्या ओळीवर थबकली. तिच्या घामाने माझी कड ओली झाली. भिंतीपलीकडे बॉयलर धडधडत होता आणि त्या धडधडीने मी तिच्या हातात थरथरत होतो. तेवढ्यात आतून हाक आली.

विभागप्रमुख बाईंनी त्याच ओळीवर बोट ठेवले. "यासाठीच बोलावलंय तुम्हाला. व्हॉल्व्ह बघणारा आमचा माणूस दवाखान्यात आहे. वाफेनं भाजलाय. उद्यापासून तुम्ही याल?"

मित्रांनो, नुसते हो म्हणायचे होते. घरी आई फोनची वाट पाहत होती. पण मुलीने पेन काढले आणि माझ्यावर रेघ ओढली.

"ही ओळ माझ्या भावाची आहे. नक्कल करताना राहिली. मला व्हॉल्व्हमधलं काही कळत नाही."

बाईंनी मला आपल्याकडे ओढले. "मग यात तुमचं काय आहे?"

तिने तळाशी बोट नेले. "हा पंप हादरायचा. पायाचे बोल्ट सैल होते, ते मी शोधलं."

"हे इतकं खाली का?"

"लहान वाटलं."

"आधी हे वर घ्या," बाई म्हणाल्या. ती नोकरी काही मिळाली नाही. पंप वर घेऊन लिहिलेल्या माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे तिच्या नव्या बायोडेटाने, तिला दुसरीकडे काम मिळवून दिले. मी कपाटात पडून आहे. कुठे कुकरची शिटी झाली तरी दचकतो.

मित्रांनो, आम्हाला लिहाल तेव्हा आपल्या हातचे काम लिहा, लहान वाटले तरी वर लिहा. आणि धाडण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. जी ओळ तुमची नाही, ती खरी मानून कुणीतरी तुम्हाला वाफेसमोर उभे करील.