घुबडाला कासवाकडून

घुबडाने मला वाऱ्यावर सोडलं, असं मी चार महिने धरून चाललो होतो. राग यायचा, पण तो काढायचा कुणावर? घुबड म्हणजे कोण, हेच मला ठाऊक नव्हतं.

मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं दुरुस्त करतो. एकतीस वर्षं झाली. एक लांब टेबल, खळीचं भांडं, पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र आणि छताजवळ एक अरुंद खिडकी. खोली अर्धी जमिनीखाली असल्यामुळे त्या खिडकीतून बाहेरच्यांचे फक्त पाय दिसतात. माणसांपेक्षा त्यांच्या चपला-बुटांशी माझी जास्त ओळख आहे. घरी कुणी नाही. आई होती तोवर भांडायला तरी कुणीतरी होतं.

सगळ्यात जास्त फाटतात ती वयात येणाऱ्या पोरांची पुस्तकं. ड्रॅगन, चेटकिणी, उडती बेटं, असला सगळा मामला. दुरुस्तीआधी पानं क्रमाने आहेत की नाहीत ते बघावं लागतं, आणि मी खरंच तेवढंच बघत होतो. पण एकदा एका पाच भागांच्या मालिकेच्या पहिल्या पुस्तकात एकशे बाराव्या पानावर अडकलो आणि घरी जायचं विसरलो. त्यातल्या ड्रॅगनला स्वतःच्याच आगीची भीती वाटायची आणि त्याला सांभाळणारी मुलगी जेमतेम पंधरा वर्षांची होती. छप्पन्न वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही, हे मला कळतं. म्हणून पुस्तक पिशवीतून घरी नेताना मी वर वर्तमानपत्र ठेवायचो.

पण चांगलं पुस्तक वाचून कुणालाच न सांगणं म्हणजे शिंक आली असताना नाक दाबून धरण्यासारखं आहे. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी खिसा असतो. पूर्वी त्यात कार्ड ठेवायचे. कॉम्प्युटर आल्यापासून खिसे रिकामेच. मी पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहून त्यात सारली: ‘पान ११२. ड्रॅगन खोटं बोलतोय असं आणखी कुणाला वाटलं का?’ खाली सही केली ‘कासव’, कारण मी सावकाश वाचतो. पुस्तक फळीवर ठेवून दिलं.

तीन आठवड्यांनी खिशात उत्तर होतं. ‘खोटं नाही रे, लाज. नीट वाच. – घुबड.’

दिवसभर मी त्या चिठ्ठीवर खूश होतो. आई गेल्यापासून मला ‘नीट वाच’ म्हणून कुणी दटावलं नव्हतं.

दोन वर्षं हे असं चाललं. रोज घरी जाताना मी त्या फळीपाशी थांबून खिसा चाचपायचो. आम्ही भांडलोही. तिसऱ्या भागात मुलगी ड्रॅगनला सोडून जाते, तेव्हा मी तिला स्वार्थी म्हटलं, तर घुबडाने पानभर मला झापलं होतं. अक्षर गोल, टपोरं. त्यावरून मी ठरवूनच टाकलं की घुबड म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची पोरगी. ‘आज गुडघ्याने संप केला, म्हणून बसल्या बसल्या अर्धा भाग संपवला’ असं तिने लिहिलं, तेव्हा मला वाटलं खेळताना आपटली असेल. ‘डॉक्टर म्हणतात डोळ्यांना विश्रांती द्या, मी काही ऐकत नाही’ हे वाचून मी म्हटलं, आजकालची पोरं. भेटायचा विषय मी कधी काढला नाही. चिठ्ठ्या लिहून अनोळखी मुलीला भेटायला बोलावणारा बाप्या कसा दिसेल, एवढी अक्कल मला होती.

आमचा एक नियम होता, तिनेच केलेला. शेवटचं प्रकरण एकट्याने वाचायचं नाही. वाचनालयात प्रत्येक भागाच्या दोन प्रती होत्या. दोघांचं बाकी पुस्तक वाचून झालं की एक प्रत तिने न्यायची, एक मी, आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला आपापल्या घरी शेवटचं प्रकरण उघडायचं. त्याला एकत्र वाचणं म्हणायचं. रविवारची संध्याकाळ मला एरवी खायला उठते. त्या चार रविवारी मी चक्क दाढी करून बसलो होतो.

पाचव्या, शेवटच्या भागाची मात्र एकच प्रत आली. आता कसं करायचं, असं मी लिहून ठेवलं. उत्तर आलं: ‘आधी मी नेते. कसं करायचं ते त्यातल्या चिठ्ठीत लिहीन. वाट बघ.’

मी वाट बघितली. एका गुरुवारी ते पुस्तक माझ्या टेबलावरच आलं. परतीच्या पेटीत उलटं आपटून मागचा पुठ्ठा निखळला होता, अस्तराचा कागद फाटला होता. मी आधी खिशात बोटं घातली. खिसा रिकामा होता. पानं चाळली, त्यांतही काही नाही.

मला फार लागलं ते. दोन वर्षं जिच्यासाठी पेन्सिली तासल्या, तिला एक ओळ लिहायची जड झाली. गोष्ट संपली तशी माझी गरज संपली, असंच मी समजलो. मी फाटक्या अस्तरावरच नवा जाड कागद बसवला, एरवीपेक्षा दुप्पट खळ लावून, आणि त्यावर नवा कोरा खिसा. हाताखाली कुणी नवा आला की मी पहिला धडा हाच देतो: नवं अस्तर लावण्याआधी जुन्याखाली बोट फिरवून बघ. त्या दिवशी मी बोट फिरवलं नाही. पुस्तक फळीवर नेऊन ठेवलं आणि पुन्हा त्या फळीकडे फिरकलो नाही.

गेल्या आठवड्यात ते परत आलं, पुन्हा मागूनच उचकटलेलं. ओलं फडकं ठेवून मी माझा कागद सोडवला. त्याखालचा जुनाही सुटून आला, आणि त्याच्या आणि पुठ्ठ्याच्या मध्ये चिठ्ठी होती. खिशाचा तळ सुटला होता, तिथून ती घसरून फाटक्या अस्तरात गेली होती. शाई असती तर खळीत विरघळली असती. पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं होतं.

‘कासवा, प्रत एकच आहे, तर आपणच एका जागी येऊ. येत्या मंगळवारी चार वाजता, बाहेरच्या बाकावर. पुस्तक तू घेऊन ये. शेवटचं प्रकरण मी मोठ्याने वाचते, तू ऐक. शाळेतला असशील तर घरी सांगून ये. मी म्हातारी आहे, दचकू नकोस. महिनाअखेर मी मुलाकडे जातेय, कायमची. तिथे आपल्या भाषेतलं पुस्तक मिळत नाही म्हणे. नाही आलास तर समजेन, तुला पुस्तकच पुरेसं होतं. – घुबड.’

तो मंगळवार मला आठवतो. खिडकीतून बाकाखाली दोन तपकिरी बूट दिसत होते, पाऊण तास जागचे हलले नव्हते. कचऱ्याची टोपली रिकामी करायला मी बाहेर गेलो. सत्तरीच्या एक बाई मांडीवर चष्म्याचं घर धरून बसल्या होत्या आणि आतून येणाऱ्या प्रत्येक पोराकडे निरखून बघत होत्या.

“मावशी, नातवंडाला न्यायला आलात का?” मी विचारलं होतं.

“नाही हो. एकजण यायचाय.”

“पाचला बंद होतं.”

“माहीत आहे. मी इथली जुनीच आहे.”

त्या आणखी काहीतरी बोलणार होत्या. पण आत माझी खळ वाळत होती. मी टोपली उचलली आणि निघून आलो.

चिठ्ठी टेबलावर ठेवून मी रडलो. उगाच आडपडदा कशाला ठेवू? मग तोंड धुऊन काउंटरवर गेलो.

“त्या तपकिरी बूटवाल्या बाई,” मी म्हटलं, “ड्रॅगनची पुस्तकं न्यायच्या.”

“त्या होय,” काउंटरवरची म्हणाली. “त्यांनी सभासदत्व रद्द केलं, काका. मुलाकडे गेल्या कुठेतरी लांब. घरही विकलं म्हणाल्या. ती पुस्तकं नातीसाठी नेत असतील.”

“स्वतःसाठी न्यायच्या.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“नवा पत्ता ठेवलाय का त्यांनी?”

तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि मान हलवली. “जाताना विचारत होत्या मात्र, इथे कासव नावाचं कुणी येतं का म्हणून. मी म्हटलं, असलं कसलं नाव. आम्ही दोघीही हसलो.”

काल मंगळवार होता. चारला मी ते पुस्तक घेऊन बाहेरच्या बाकावर गेलो. बाकीचं पुस्तक आठवडाभरात वाचून काढलं होतं, पण ते शेवटचं प्रकरण मी रागातसुद्धा उघडलं नव्हतं. बाकाच्या एका टोकाला बसलो, दुसरी बाजू मोकळी ठेवली आणि मोठ्याने वाचायला लागलो. मोठ्याने वाचायची मला सवय नाही, दोन ओळींतच अडखळलो. पोरं बघत होती, बघेनात का. ड्रॅगन शेवटी आग ओकतो, एकदाच, त्या मुलीला थंडी वाजत असते म्हणून. तिथे मी थांबलो. घुबड यावर काय म्हणालं असतं, ते मला काही केल्या सुचेना.

दारावरचा पहारेकरी जवळ आला. नवा आहे, मला ओळखत नाही.

“कुणी यायचंय का, काका?”

“नाही,” मी म्हटलं. “येऊन गेलं.”

“पाचला बंद होतं.”

“माहीत आहे. मी इथला जुनाच आहे.”

तो गेला. दीड पान उरलं होतं. पुढचं मी जरा सावकाश वाचलं.