पाळणा आधी की मूल आधी

मेकनेसच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तैबीला पाच महिन्यांत कायदा तोंडपाठ झाला होता. अनाथालयातली दहा महिन्यांची रैहाना घरी आणायची, तर तिचा ‘कफाला’ घ्यायचा, म्हणजे सांभाळ. तिला वाढवायचं, शिकवायचं, लग्नसुद्धा लावून द्यायचं. फक्त कागदोपत्री ती आपली लेक नाही, एवढं लक्षात ठेवायचं. त्यासाठी मुसलमान असल्याचा दाखला, सद्वर्तनाचा दाखला, रोग नसल्याचा दाखला. आपण इतके सज्जन आहोत हे तैबीला आजवर कोणी कळू दिलं नव्हतं. ती फाईल वाचता वाचता तो स्वतःच्या प्रेमात पडायच्या बेताला आला होता.

उरली होती ती घराची पाहणी. समितीचा अहवाल चांगला आला तर रैहाना घरी येणार, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या.

अडचण होती त्याच्या बायकोची, जोहोरची. तिने मागे दोनदा बाळंतविडा आधी आणला होता आणि दोन्ही वेळा कूस रिकामी झाली होती. तेव्हापासून तिचा नियम एकच: मूल उंबरठा ओलांडेपर्यंत घरात साधं लंगोटंही नको, नजर लागते. म्हणून सगळी खरेदी समोरच्या बतूलआजींकडे ठेवलेली. शिवाय त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, अशी तैबीला शपथ घातलेली.

समितीत चौघं होती. सरकारी वकिलांच्या कचेरीतले कारकून, धर्मखात्याचे फकीसाहेब, समाजकल्याणच्या वफाबाई आणि मोहल्ल्याचे मुकादम बूशैब. मुकादम वीस वर्षं या घरात चहा पीत आले होते, आज मात्र त्यांनी दारात थांबून रीतसर विचारलं, “हे घर कोणाचं?”

पुदिन्याचा चहा झाला, बदामाच्या करंज्या झाल्या. मग वफाबाईंनी विचारलं, “मूल झोपणार कुठे?”

जोहोर पेल्यात बघत राहिली.

“झोपेल की,” तैबी म्हणाला. “झोप काय, कुणालाही येते.”

“पाळणा?”

“नाही.”

“कपडे?”

“नाहीत.”

“दुधाची बाटली तरी?”

“बाई, देवाच्या दयेने आमच्याकडे काही म्हणजे काही नाही.”

कारकुनांनी लिहिलं: तयारी शून्य.

मुकादमांनी तैबीच्या पायावर पाय दिला. “अरे घड्याळ्या, निदान खोटं तरी बोल.”

तैबीने कागदाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि शपथ मोडली. “समोर आहे सगळं. बतूलआजींकडे.”

समिती समोरच्या घरात गेली. पाळणा होता, दुपट्यांची चळत होती.

“सोय उत्तम आहे,” कारकून म्हणाले, “पण ही तर सत्तरीच्या बाईंच्या घरात.”

“मला चालेल, लेका,” आजी म्हणाल्या. “फक्त रात्री उठायला तू ये.”

फकीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. “नजर खरी असते हो.”

“नजरेला रकाना नाही,” कारकून म्हणाले. “पाळण्याला आहे, आणि तो अर्जदाराच्या घरात लागतो. आमच्याही आईने सगळं शेजारीच ठेवलं होतं, पण तिला फॉर्म भरायचा नव्हता.”

वफाबाईंचा हात गळ्यातल्या, नजर लागू नये म्हणून घातलेल्या चांदीच्या पंजावर गेला होता.

“राहू दे, जोहोर,” तैबी म्हणाला. पहिल्यांदाच त्याला एकही कलम आठवेना.

जोहोर बराच वेळ उभी राहिली. गेल्या भेटीत रैहानाने तिचा रुमाल मुठीत धरला होता आणि तो सोडवायला दोन दाया लागल्या होत्या. तिने पाळण्याची एक बाजू उचलली. “धरा. पण कोणी छान म्हणायचं नाही.”

पाळणा गल्लीतून निघाला. खिडकीतल्या बायकांनी विचारलं, “काय नेताय?”

“मोडकं लाकूड,” मुकादम म्हणाले.

“वाळवी लागलीय,” कारकून म्हणाले.

“असला भिकार पाळणा मी जन्मात पाहिला नाही,” फकीसाहेबांनी पुस्ती जोडली. आयुष्यातलं पहिलं खोटं बोलल्यासारखे ते थोडे लाजलेही.

घरात पोचल्यावर कारकुनांनी लिहिलं, “पाळणा: एक. दर्जा?” आणि जोहोरकडे पाहिलं.

“वाईट,” ती म्हणाली.

त्यांनी ‘अत्यंत वाईट’ लिहिलं. चौघांनी सह्या केल्या.

पंधरा दिवसांनी न्यायाधीशांनी तो अहवाल चष्मा पुसून दोनदा वाचला. एवढ्या दाखल्यांचा डोंगर चढून पाळण्यावरून घसरायचं तैबीच्या नशिबी होतं तर.

“अशा पाळण्यात मूल ठेवणार?” न्यायाधीशांनी विचारलं.

“हो, साहेब,” जोहोर म्हणाली.

“मुलगी पाहिलीत ना? कशी आहे?”

जोहोरने आधी मागे वळून पाहिलं, कोणी ऐकत नाही ना. “नकटी आहे, साहेब. रडकी. बघण्यासारखं काहीसुद्धा नाही तिच्यात.” आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून वाहायला लागले.

न्यायाधीशांनी सही केली आणि लेखनिकाला म्हणाले, “ते शेवटचं उत्तर नोंदीत घेऊ नका. वरच्या कचेरीतल्यांना कळायचं नाही.”