तिसऱ्यांदा परत आलेलं पॅकेज

"तिसऱ्यांदा परत पाठवलं मेल्यांनी!" आतून बायको ओरडली. मी एका कोटाला अस्तर लावत होतो. मशीन थांबवून आत गेलो.

ती अंधशाळेत कारकून आहे. तेरा वर्षांपूर्वी तिने एक प्रोग्रॅम लिहिला. साधा मजकूर दिला की छपाईयंत्र तो ब्रेलमध्ये उठवून देतं. तो मिळतो एका मोफत सॉफ्टवेअरच्या भांडारातून, पॅकेज बांधून, म्हणजे कुठल्याही कम्प्युटरवर बसवता येईल असा तयार करून. ते भांडार सांभाळणारी माणसं हौशी, पण भलती काटेकोर.

"काय म्हणतात?"

"तुमचं पॅकेज जुनाट कम्प्युटरवर बांधलंय, भांडाराच्या नव्या आवृत्तीत चालणार नाही म्हणे. आज पाचला नव्या आवृत्तीची नोंदणी बंद. नाही पोचलं, तर प्रोग्रॅमच काढून टाकणार."

मुलाने फोनवर शहाणपण शिकवलं, "आई, सोड ना. आता कोण वापरतं ते?"

"शाळा वापरतात," म्हणून तिने फोन ठेवला.

चालतंय ना, मग हात लावू नका, या हट्टापायी तिने तो जुना कम्प्युटर कधी बदलला नव्हता. आता नाइलाजाने माझा घेतला, ज्यावर मी फक्त पत्ते खेळतो. त्यावर सगळं नवंकोरं बसवून तिने बांधणी सुरू केली, आणि ती मध्येच अडकली. एक फाईल सापडेना. तासभर दोन्ही कम्प्युटर ताडून पाहिल्यावर तिचा चेहरा उतरला.

"अहो, ही फाईल मीच हाताने टाकली होती, अगदी सुरुवातीला. बांधणीला लागणाऱ्या फायलींच्या यादीत लिहायची राहिली. माझ्याकडे ती होतीच, म्हणून कधी कळलं नाही. दुसऱ्या कुणाला हे बांधताच आलं नसतं. मी गेले असते, तर हेही गेलं असतं."

"मग इथेही टाक हाताने. साडेचार वाजलेत. आत कोण बघतंय?"

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. आतली शिवण कोण बघतं, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी जन्मभर झापत आलोय. मला माझीच लाज वाटली.

तिने फाईल यादीत नोंदवली, पुन्हा बांधणी केली आणि सोबत लिहिलं, 'हे पहिल्यापासून हवं होतं. चूक माझी.'

"अगं, जगाला कशाला सांगतेस?"

"मागून येणाऱ्याला कळायला नको?"

पाचला सात मिनिटं असताना पॅकेज गेलं. सव्वापाचला उत्तर आलं: स्वीकारलं. खाली कुणा अनोळखी माणसाने एक ओळ लिहिली होती. 'मी आत्ताच माझ्याकडे बांधून पाहिलं. नीट बांधलं गेलं.'

ती ओळ तिने दोनदा वाचली.

"आता माझ्यावाचून कुणाचं अडणार नाही," ती म्हणाली. इतक्या ताठ मानेने म्हणाली, की बायकोचा एवढा अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

मग तिने जुना कम्प्युटर बंद केला, त्याची वायर काढली आणि सावकाश गुंडाळत बसली.