गोठ्यामागचं काम

नवरा गेला तेव्हा लोकांनी तिला सगळं विचारलं. एकटी राहशील का, भावाकडे जाशील का, जमीन विकणार का. बोकड आता कोण कापणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही.

लग्नानंतर कामं आपोआप वाटली गेली होती. जन्माचं काम तिचं, मारायचं त्याचं. अडलेल्या शेळीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालताना तिला काही वाटत नसे. पण तो सुरी घेऊन गोठ्यामागे निघाला, की ती स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत बसे.

थंडी तोंडावर आली आणि चारा हां हां म्हणता संपत आला. मोठा बोकड शेळ्यांना ढुशा देऊन गव्हाणीवरून हुसकायला लागला. तिने खाटकाला निरोप धाडला. एका बोकडासाठी एवढ्या लांब येणं परवडत नाही, असं उत्तर आलं. मग ती ओढ्यापलीकडे आत्याबाईंकडे गेली. त्या कुणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या, पण जन्मभर शेळ्यामेंढ्यांत राहिलेल्या.

"मला शिकवा," ती म्हणाली.

"तू? बाटलीने पिल्लं वाढवणारी?"

"हा बोकडही बाटलीवरच वाढलाय."

आत्याबाई म्हणाल्या, "मग तर तूच कर. परक्या हाताला बिथरेल तो. आज चारा देऊ नकोस, नुसतं पाणी पाज. आणि सुरीला धार लाव. बोथट सुरीसारखं पाप नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोकड तिच्या मागोमाग गोठ्यामागे आला. दोरी ओढावीच लागली नाही, आणि तेच तिला जड गेलं. आत्याबाईंनी त्याचे पाय धरले. "हनुवटीखाली चाचप. आता एकदाच, दाबून. मध्ये थांबलीस तर त्याचे हाल होतील."

ती थांबली नाही. घमेल्यात रक्ताची धार लागली, पाय झाडून झाडून शांत झाले. आत्याबाईंनी तिला बसू दिलं नाही. बोकड तुळईला उलटा टांगला, कातड्याखाली मूठ सारून ते कसं सोडवायचं ते दाखवलं. "इथे सुरी नको, मूठच घाल. आणि आतड्याला टोक लागू देऊ नकोस, सगळं मटण नासेल."

काम उरकल्यावर ती कडेला जाऊन भडाभडा ओकली.

"तुझा नवराही असाच," आत्याबाई पाणी पुढे करत म्हणाल्या. "माझ्याकडेच शिकला होता. ओढ्यावर हात धुवायला म्हणून यायचा आणि झुडपाआड ओकायचा. शेवटपर्यंत."

तिला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती त्याच्यावर करवादायची, की हात धुवायला एवढा वेळ लागतो का, ताटातलं गार होतंय. तो हसून पाटावर बसायचा आणि म्हणायचा, "आज भूक नाही गं."

"मला कधी बोलला नाही," ती म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला करू दिलं असतंस?"

तिला त्याचा राग आला. चांगलं कडाडून भांडावंसं वाटलं. पण भांडायला समोर माणूस हवा.

आत्याबाई आपला वाटा घेऊन गेल्या. तिने कातड्याला मीठ चोळलं, बोकड कापला त्या दगडावर पाण्याच्या बादल्या ओतल्या. शिजवलेल्या मटणातले दोन घास कसेबसे गिळले आणि पातेलं झाकून ठेवलं.

दिवस कलल्यावर ती चारा घेऊन गोठ्यात शिरली. शेळ्यांनी तिचे हात हुंगले आणि सगळ्या मागच्या भिंतीला जाऊन चिकटल्या. तिने साबणाने तीनदा हात धुतले होते. तिने चारा गव्हाणीत टाकला, एक पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिली. बराच वेळ कुणी हललं नाही. मग म्हातारी शेळी पुढे आली, तिच्याकडे न बघता खायला लागली. एकेक करून बाकीच्याही आल्या.

घरात जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. ती त्यांचं चघळणं ऐकत तिथेच बसली.